राजकारणावरून घराघरांत एवढी भांडणं का होतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणुका जवळ आल्या की माझ्या टपालाचा नूर बदलतो. एरवी वाचक आकडे विचारतात, आघाड्यांबद्दल विचारतात, कोण कुठून उभं राहणार ते विचारतात. मतदानाच्या आधी महिनाभर मात्र 'मेव्हण्याशी बोलणं बंद झालंय', 'सोसायटीच्या ग्रुपवरून मला काढलं' अशा पत्रांची रीघ लागते. मी राजकीय बातम्यांवर पोट भरणारा माणूस, समुपदेशक नव्हे. पण तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदाच लिहून ठेवलेली बरी. प्रश्न शक्यतो पाठवणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत, कारण पत्रंही इथलीच.

१. पूर्वी लोक राजकारणावरून भांडत नव्हते का? की आम्हालाच आता जास्त वाटतंय?

भांडायचे, आणि कडकडून भांडायचे. टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस काढून आले. पुढे पाच वर्षांत 'आधी सामाजिक सुधारणा की आधी स्वराज्य' यावरून फाटलं. आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, आणि पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात जहाल-मवाळांच्या गोंधळात एक पुणेरी जोडा व्यासपीठावर भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला. आजचा ट्रोल निदान चपला पायातच ठेवतो.

हे झालं ऐकायला गमतीचं. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसं मारली गेली. नाव प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं.

त्यामुळे 'आमच्या वेळी राजकारण कसं सुसंस्कृत होतं' हे वाक्य मी फारसं मनावर घेत नाही. पण तुम्हाला जाणवतंय तेही खोटं नाही. वादाची जागा बदलली आहे. ते पुढच्या उत्तरात.

२. मग आता नेमकं वेगळं काय झालंय?

राजकारणावर बोलायची पूर्वी ठरलेली ठिकाणं होती. गावात पार, शहरात कट्टा, सलून, एसटी स्टँड, ऑफिसातलं कँटीन. चार-पाच जण, समोरासमोर. आवाज चढायचे, पण चहा संपला की सभा बरखास्त. कोण काय बोललं याची नोंद कुठेच नसायची, त्यामुळे परवा तावातावाने बोललेले गृहस्थ आज थोडे सरकून बसले तरी कुणी हटकत नसे. माणसाला मत बदलायला अशी एक फट लागते.

ती फट बुजली. आज तुम्ही फॅमिली ग्रुपवर लिहिता ते ऐंशी जणांसमोर. त्यात सुनेच्या माहेरची माणसं आहेत, नुकतं कॉलेजात गेलेलं पोरगं आहे, आणि कधीच काही न लिहिणारे पण सगळं वाचणारे तीसेक जण आहेत. 'माझं चुकलं' म्हणायचं तर या सगळ्यांदेखत म्हणायचं. पारावर हरलं तरी फारसं बिघडत नसे. पंगतीत हरायची कुणाची तयारी नसते.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी 'शुभ प्रभात'च्या गुलाबाबरोबर राजकारण घरात शिरतं ते रात्री दिवा मालवेपर्यंत हलत नाही. पाहुणा घरजावई झाला की कुरबुरी होणारच.

३. सगळा दोष व्हॉट्सअ‍ॅपचाच आहे ना?

सोयीचं उत्तर आहे, पण अर्धंच खरं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा कवडीमोल झाला आणि घरातल्या प्रत्येक हाताला स्मार्टफोन मिळाला. वेग वाढला तो तेव्हापासून. या वेगाची सगळ्यात भयंकर किंमत आपल्याकडे १ जुलै २०१८ ला मोजली गेली. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज, म्हणजे दुहेरी बाणवाला, एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

पण एक लक्षात घ्या. फेसबुक किंवा यूट्यूबवर तुमच्यासमोर काय यावं हे कंपनीची यंत्रणा ठरवते. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशी यंत्रणा नाही. तिथे काय यावं हे काकाच ठरवतात. ज्या गोष्टीने राग येईल, अभिमान वाटेल किंवा भीती वाटेल तीच ते पुढे ढकलतात, आणि खरं सांगायचं तर आपणही. पाणीपट्टीच्या नव्या दरांची बातमी कुणी ढकललेली मी पाहिली नाही.

४. महाराष्ट्रात हे २०१९ नंतर फारच वाढलं असं वाटतं. खरं की भास?

भास नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

२४ ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागले तेव्हा भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४ असं चित्र होतं. भाजप आणि सेना युती करून लढले होते. २३ नोव्हेंबरच्या सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांनी शपथ घेतली (लोकांच्या तोंडी तो शपथविधी 'पहाटेचा'च राहिला). तीन दिवसांत ते सरकार गेलं. २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, काँग्रेस आणि राष्ट्रवादीला सोबत घेऊन. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतमार्गे गुवाहाटीला गेले आणि ३० जूनला मुख्यमंत्री झाले. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. २ जुलै २०२३ ला अजित पवार त्याच सरकारात उपमुख्यमंत्री झाले, आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ त्यांच्याकडे गेलं.

आता एखाद्या साध्या कार्यकर्त्याच्या जागी उभे राहून बघा. गिरणगावातला जुना शिवसैनिक तीस वर्षं काँग्रेसच्या नावाने शिमगा करत आला. २०१९ मध्ये त्याला काँग्रेससोबतचं सरकार समजावून सांगावं लागलं, आणि २०२२ मध्ये दोन सेनांपैकी खरी कुठली ते ठरवावं लागलं. भाजपचा कार्यकर्ता सिंचन घोटाळ्यावरून राष्ट्रवादीविरुद्ध घसा बसेपर्यंत ओरडला, आणि जुलै २०२३ मध्ये एका दुपारी त्याच राष्ट्रवादीचे मंत्री आपले झाले. राष्ट्रवादीच्या कार्यकर्त्याला तर आपले साहेब कोण आणि दादा कोण याची घरातच वाटणी करावी लागली.

याचा परिणाम असा झाला की मुद्द्यावर बोलायची सोयच उरली नाही. भ्रष्टाचार घ्या, हिंदुत्व घ्या, घराणेशाही घ्या. कुठलाही मुद्दा काढला की समोरचा तुमच्याच नेत्याचं जुनं भाषण काढून दाखवतो. मुद्दे असे एकेक करून बाद झाले की हातात एकच गोष्ट उरते: निष्ठा. २०२२ नंतर आपल्या राजकारणात सगळ्यात जास्त ऐकू आलेले शब्द आठवा. 'गद्दार'. 'खोके'. हे शब्द धोरणाबद्दलचे नाहीत, माणसाबद्दलचे आहेत. 'तुमचं कर्जमाफीचं गणित चुकतंय' याला उत्तर देता येतं. 'तू गद्दारांच्या बाजूचा' याला उलट शिवी एवढंच उत्तर असतं.

आणि वैर तिथेच सगळ्यात कडवट झालं जिथे फरक सगळ्यात कमी होता. २०२४ मध्ये मशाल आणि धनुष्यबाण, तुतारी आणि घड्याळ समोरासमोर आले. दोन्ही सेनांच्या फलकावर फोटो एकाच बाळासाहेबांचा. भावकीतलं भांडण बांधावरून होतं, परगावच्या जमिनीवरून होत नाही.

५. नेते तर एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातात. मग आम्हीच का भांडून मरायचं?

जातात, आणि ते ढोंग असतंच असं नाही. विलासराव देशमुख आणि गोपीनाथ मुंडे यांची दोस्ती सगळ्या मराठवाड्याला ठाऊक होती. २००६ मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेवर बिनविरोध गेल्या, कारण आयुष्यभर शरद पवारांवर तोफा डागणाऱ्या बाळासाहेबांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही.

नेत्याला उद्याची युती दिसत असते, म्हणून तो परतीचं तिकीट काढूनच भांडतो. ५ जुलै २०२५ ला वरळीच्या डोममध्ये उद्धव आणि राज ठाकरे जवळपास वीस वर्षांनी एका राजकीय व्यासपीठावर आले. निमित्त होतं पहिलीपासून हिंदीच्या निर्णयाचं, जो सरकारने २९ जूनला मागे घेतला होता. दोघा भावांनी हात उंचावले. पण या वीस वर्षांत मनसे की सेना यावरून ज्यांनी चाळीत एकमेकांचे दरवाजे बंद केले, त्यांचं काय? त्यांना कुणी डोमला बोलावलं नव्हतं.

कार्यकर्त्याजवळ निष्ठेशिवाय भांडवल नसतं, म्हणून तो ती जास्त मोठ्याने बोलून दाखवतो. बारामतीत २०२४ मध्ये लोकसभेला नणंद विरुद्ध भावजय आणि विधानसभेला काका विरुद्ध पुतण्या अशा लढती झाल्या. त्या कुटुंबात काय झालं ते त्यांचं त्यांना माहीत. तुमच्या कुटुंबात त्या लढतीवरून जे झालं ते मात्र तुमचंच आहे.

६. आमच्या गावात ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्हही नसतं. तरी डोकी फुटतात ती का?

कारण तिथे मतदार मोजता येतो. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत, पॅनेलवर होतात. एका वार्डात मतं चार-पाचशे. निकाल वार्डनिहाय लागतो, आणि संध्याकाळी पॅनेलप्रमुख वही घेऊन बसतो. कुठल्या आळीने दगा दिला ते त्याला जवळजवळ घर सांगून कळतं.

वर हरण्याची किंमतही खरी असते. नळाची लाईन कुठवर येणार, घरकुलाच्या यादीत नाव वर की खाली, शेतरस्ता कुणाच्या बांधावरून जाणार, हे सगळं त्यात असतं. टीव्हीवरच्या वादात तुमचं काही जात नाही. इथे पाणी जातं. म्हणून गावातला राग मला शहरातल्या रागापेक्षा जास्त समजण्यासारखा वाटतो. तो विझतोही लवकर, बहुतेकदा लग्नसराईत. कारण आचारी, मांडव आणि ट्रॅक्टर एकमेकांचेच लागतात.

७. आरक्षणावरून गावात दोन तट पडलेत. हेही 'मतभेद' म्हणून सोडून द्यायचं का?

नाही. ती वेगळी जात आहे वादाची. प्रवेश आणि नोकरी यांवरचा हक्क पणाला लागलेला असतो, आणि ज्याच्या ताटातलं जाणार असं त्याला वाटतं त्याला 'शांत राहा' सांगणं ताट भरलेल्याला सोपं असतं.

तरीही तापमान हे विषयावरच ठरतं असं नाही. ९ ऑगस्ट २०१६ ला तेव्हाच्या औरंगाबादेतून मराठा मूक मोर्चे सुरू झाले आणि बरोबर वर्षभराने, ९ ऑगस्ट २०१७ ला, मुंबईत मोठा मोर्चा निघाला. लाखो माणसं, घोषणा नाही, भाषणबाजी नाही, मोर्चा गेल्यावर रस्ता झाडणारी पोरं मागे. मागणी तीच होती. पुढे २०१८ चा कायदा ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, १ सप्टेंबर २०२३ ला जालन्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला, आणि मागणी ओबीसी प्रवर्गातूनच आरक्षणाची झाली. तेव्हा मात्र समोर सरकारऐवजी शेजारी उभा राहिला. राग तोच, फक्त त्याचं तोंड वळलं. मराठवाड्यातल्या बाजाराच्या गावांत याचे जे पडसाद उमटले, ते दुकानदारांना विचारा.

८. टीव्हीवरच्या चर्चेत सगळे एकदम का ओरडतात?

स्वस्त पडतं म्हणून. २००७-०८ च्या आसपास मराठीत चोवीस तास बातम्या देणारी चॅनेल एकामागून एक आली. चोवीस तास भरायचे तर एकतर गडचिरोलीला वार्ताहर, कॅमेरा आणि गाडी पाठवा, नाहीतर पडद्यावर सहा चौकटी करून सहा प्रवक्ते बसवा. दुसऱ्याला चहापाण्याचा खर्च. सकाळी साडेनऊला एका नेत्याची पत्रकार परिषद, अकराला त्यावर प्रतिक्रिया, दोनला प्रतिक्रियेवर प्रतिक्रिया, रात्री आठला या सगळ्यावर 'महाचर्चा'. बातमी अशी काहीच घडलेली नसते. प्रवक्त्याला चाळीस सेकंद मिळतात, तेवढ्यात मुद्दा मांडून होत नाही, समोरच्याचा मोडता मात्र येतो.

९. पुराव्यानिशी दाखवलं तरी समोरच्याला पटत का नाही?

पुरावा वाचण्याआधी तो कुणाकडून आला हे माणूस बघतो. ही खोड फार जुनी आहे. हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. कुठलं चित्र आवडतं अशा क्षुल्लक गोष्टीवरून मुलांचे दोन गट पाडल्याचं त्यांना सांगितलं. गटातली इतर मुलं कोण, हेही माहीत नाही. मग पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, हे अपेक्षितच होतं. पण आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, अशीही निवड अनेकांनी केली.

पाच मिनिटांपूर्वी पडलेल्या गटासाठी हे, तर आजोबांपासून चालत आलेल्या पक्षासाठी किती? म्हणून सगळ्यांदेखत दिलेला पुरावा पुरावा राहत नाही, ती थप्पड होते (प्रश्न २ पाहा). तोच दुवा एकट्याला पाठवून 'हे खरं आहे का हो?' असं विचारून बघा. हमी देत नाही, पण माझ्या अनुभवात निम्म्या वेळा सरळ उत्तर येतं.

१०. दुसऱ्या बाजूचं मुद्दाम वाचत गेलो तर डोकं ताळ्यावर राहील?

मलाही तसंच वाटायचं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ट्विटर वापरणाऱ्यांना पैसे देऊन महिनाभर विरोधी विचारांच्या खात्याची ट्वीट्स वाचायला लावली. रिपब्लिकन मंडळी महिन्याअखेर मवाळ होण्याऐवजी आणखी कडवी झाली. डेमोक्रॅट मंडळींमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

मला याचं नवल वाटत नाही. ट्विटरवर दुसरी बाजू म्हणून जे दिसतं ते त्या बाजूचं सगळ्यात आचरट तोंड असतं. दुसरी बाजू समजून घ्यायची तर त्या पक्षाला मत देणारा तुमचा जुना वर्गमित्र गाठा, आणि एकटा गाठा.

११. फॅमिली ग्रुपवर 'राजकारण बंद' असा नियम करावा का?

करा, पण नियमाला बाहेर जायची वाट ठेवा. आमच्या घरचं सांगतो. २०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती, मतदान २० ला. आत्याकडे सगळे जमलो होतो. फराळाची ताटं हातात, टीव्ही चालू. 'लाडकी बहीण'चे दीड हजार ही ओवाळणी की लाच, इथून सुरुवात झाली. धाकटे काका म्हणाले, 'तुझ्या सरकारच्या काळात तर बहिणीला पाच पैसे नव्हते.' आतेभाऊ म्हणाला, 'तुमच्या खिशातून देताय का?' तीन मिनिटांत १९९५ चं युती सरकार, कुणाचं तरी अडकलेलं पेन्शन आणि काकांनी २००३ साली न फेडलेले आठ हजार रुपये असं सगळं एका ताटात आलं. आत्या काही बोलली नाही. तिने जाऊन टीव्हीची पिन भिंतीतून उपसली, ती हातात तशीच धरून म्हणाली, 'चकली अजून आहे. कुणाला?' आठ हजारांचा विषय मात्र संपला नाही, तो दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आला.

म्हणजे बघा, बरंच भांडण राजकारणाचं नसतंच. जुनी उसनवारी पक्षाचा गमछा घालून येते. म्हणून नुसत्या बंदीने भागत नाही. आम्ही 'चावडी' नावाचा वेगळा ग्रुप काढला, ज्याला हवं त्याने तिथे जावं. ऐंशीपैकी अकरा जण गेले. उरलेल्या ग्रुपवर पुन्हा बाळांचे फोटो आणि स्थळं येऊ लागली. चावडीवर काय चालतं ते मला माहीत नाही, मी गेलो नाही.

१२. मी ग्रुप अ‍ॅडमिन आहे. दुसऱ्याच्या पोस्टवरून माझ्यावर केस होऊ शकते का?

केवळ अ‍ॅडमिन आहात म्हणून दुसऱ्याच्या पोस्टचा गुन्हा तुमच्या अंगावर येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. अ‍ॅडमिन सभासद घेऊ किंवा काढू शकतो, पोस्ट येण्याआधी ती गाळू शकत नाही, असा त्यामागचा विचार होता. अपवाद एकच: दोघांचं संगनमत किंवा आधी ठरलेला बेत असेल तर.

लिहिणारा मात्र सुटत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदवर फेसबुक पोस्ट टाकणारी एक आणि ती लाइक करणारी दुसरी, अशा पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यावरून देशभर गदारोळ झाला, आणि ज्या कलम ६६अ खाली असे गुन्हे लावले जायचे ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पण दोन समाजांत तेढ वाढवणारा मजकूर आजही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, त्याचं कलम १९६ आहे. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हा बचाव आहे असं समजू नका. प्रकरण खरंच अंगाशी आलं असेल तर मला लिहू नका, वकील गाठा.

१३. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पक्षाची पोस्ट शेअर केली तर चालेल?

करू नका. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि त्यांत राजकीय पक्षाशी संबंध ठेवायला, प्रचार करायला मनाई आहे. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांनाही तशीच बंधनं आहेत. मत देण्याचा हक्क शाबूत आहे, ते कुणाला दिलं हे सांगत फिरण्याचा नाही.

१४. सरळ ग्रुपच सोडला तर? फेसबुकही बंद केलं तर?

बरं वाटेल, पण बातम्या कमी कळतील. हा माझा अंदाज नव्हे. अमेरिकेत २०१८ च्या मध्यावधी निवडणुकांआधी दोन हजारांहून अधिक लोकांचा एक प्रयोग झाला, त्यात काहींना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला पैसे दिले. ते जरा जास्त आनंदी दिसले, घरच्यांबरोबर जास्त वेळ बसले, त्यांचा राजकीय कडवेपणा थोडा उतरला. आणि चालू घडामोडींची माहिती घटली. सौदा कसा वाटतो ते तुम्ही ठरवा.

ग्रुप सोडताना मात्र निरोपाचं भाषण टाकू नका. 'ज्यांना कळायचं त्यांना कळेल' असं लिहून गेलेला माणूस आठवड्याने लग्नपत्रिकेसाठी परत येतो, हे मी तीनदा पाहिलंय.

१५. अमेरिकेतला भाऊ इथल्या राजकारणावर आमच्यापेक्षा जास्त पेटतो. का?

त्याला इथला खड्डा लागत नाही, फक्त इथली बातमी लागते. तुम्ही ज्या नगरसेवकाला शिव्या देता त्याच्याकडेच दाखल्यासाठी जाता, त्यामुळे तुमचा राग भिजून निघतो. त्याचा कोरडाच राहतो. शिवाय परक्या मुलखात आपण कोण हे सांगायला गणपती, मराठी मंडळ आणि इथलं राजकारण याच वस्तू हाताशी असतात.

हक्काचं विचाराल तर: भारतीय पासपोर्ट असेल तर अनिवासी भारतीय म्हणून त्याला मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला इथल्या केंद्रावर स्वतः यावं लागतं. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर मत नाही. मतं राहतील.

१६. गप्प बसणं म्हणजे पळपुटेपणा नाही का? कधीतरी बोललंच पाहिजे ना?

काही वेळा बोललंच पाहिजे. कुणाच्या जातीवर, धर्मावर किंवा घरातल्या बायकांवर घसरलं तर, आणि कुणाच्या तरी जिवावर उठू शकेल अशी अफवा आली तर (राईनपाडा, प्रश्न ३). तेव्हा त्याच ग्रुपवर, सगळ्यांदेखत, दोन ओळींत सांगा: 'हे खोटं आहे, काढून टाका.' प्रश्न ९ मध्ये एकांताचा सल्ला दिला तो इथे लागू नाही. न बोलणारे ते तीस जण वाचत असतात, आणि तुमचं मौन त्यांना होकार वाटतं.

काही वाचक यावर मला सुनावतात की नेमस्तपणाचा सल्ला देणं म्हणजे चाललंय ते चालू द्या म्हणणं. त्यात तथ्य आहे. आगरकर घरात बसून शांत राहिले असते तर त्यांची प्रेतयात्रा निघाली नसती, आणि 'सुधारक'ही निघाला नसता. पण ते मुद्द्यावर भांडत होते. प्रश्न ४ मधलं भांडण त्या जातीचं नाही.

१७. नवरा विचारतो, मत कुणाला दिलंस. सांगावंच लागतं का?

नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९४ नुसार मत कुणाला दिलं हे सांगण्याची सक्ती साक्षीदारावरही करता येत नाही. नवरा त्याहून मोठा नाही.

१८. जुन्या मित्राशी २०२२ पासून बोललेलो नाही. चूक दोघांची. सुरुवात कशी करू?

'झालं गेलं विसरून जाऊ' असं लिहू नका. त्याने काय झालं आणि काय गेलं याचीच फेरसुनावणी सुरू होते. माफीही लगेच मागू नका, ती खरी वाटत नाही. काहीतरी बारीकसं काम सांगा, जे त्यालाच माहीत आहे.

माझा एक जुना सहकारी असाच दुरावला होता, दोन सेनांवरून. गेल्या एप्रिलमध्ये मी त्याला एवढंच पाठवलं: 'तो दापोलीचा हापूसवाला, त्याचा नंबर आहे का तुझ्याकडे?' निळी टीक पडली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी नंबर आला आणि खाली एक ओळ: 'पेटी उघडून बघून घे. गेल्या वर्षी खालचा थर सगळा कच्चा निघाला.'